कूलर बंद केलेल्या दुपारी

परवा गल्लीत कूलरच्या जाळ्या विकणारा आला आणि माझं डोकं फिरलं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. होळी झाली की तो दरवर्षी जळगावात, आमच्या मेहरूणमध्ये हातगाडी घेऊन येतो, जाळ्या, वाळा, गवत असं ओरडत फिरतो, आणि घराघरांतले कूलर माळ्यावरून खाली उतरतात. अंगणात नळीनं धुतले जातात. एखाद्याच्या पोटातून वाळलेली पाल निघते, बायका किंचाळतात. मग कुणाच्या तरी घरातून ओल्या वाळ्याचा पहिला वास सुटतो आणि सगळ्यांना बरं वाटतं. मला तो वास आला की दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो आणि कानशिलं तापतात.

यंदा तर ती जास्तच तापली आहेत, कारण पुण्यात बसलेल्या एका माणसानं माझा तो उन्हाळा उचलून स्वतःच्या नावावर लावला. तीन आठवडे मी तो राग घेऊन फिरत होते. आईवर ओरडले, दूधवाल्याशी भांडले, कामावर कुणाच्या तरी हळदीच्या व्हिडिओला बिदाईचं रडकं संगीत लावून ठेवलं. तो राग खरा होता आणि अजूनही आहे. पण तो अर्धाच होता, आणि उरलेला अर्धा कुणावर होता ते मला फार उशिरा कळलं.

आधी माझा धंदा सांगते. मी व्हिडिओ निबंध करते. हे वाक्य ऐकून आजवर एकाही नातेवाइकाच्या चेहऱ्यावर उजेड पडलेला नाही. फैजपूरचे माझे मोठे मामा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, त्यांनी एका लग्नाच्या पंगतीत मला गाठलं होतं.

"काय करते म्हने तू मोबाइलवर? नाचते का?"

"नाही आबा. सिनेमावर बोलते. मालिकांवर, गाण्यांवर."

"म्हंजे बातम्या?"

"बातम्या नाही. निबंध."

"निबंध तं शाळेत लिहितेत," आबा म्हणाले आणि वाढप्याकडे वळून वरण मागू लागले. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

लोक जे रोज बघतात आणि ज्याला कुणी अभ्यासाचा विषय समजत नाही, त्यावर मी वीस-पंचवीस मिनिटं बोलते. मालिकांमधल्या सासवा दागिन्यांसकट का झोपतात, यावर माझा पहिला निबंध होता. आईनं तो पूर्ण पाहिला आणि म्हणाली, "वैशू, याच्यात सांगन्यासारखं काय हाये? त्या बाया येड्या हायेत." माझा निष्कर्षही साधारण तोच होता, मला त्याला बावीस मिनिटं लागली. मग ट्रॅक्टरवर कर्णे लावून वाजणाऱ्या अहिराणी गाण्यांवर एक केला, गावच्या जत्रेतल्या फोटोस्टुडिओच्या पडद्यांवर एक केला. चार लोक ओळखायला लागले. पोट मात्र भरतं ते शेखरभाऊंच्या स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ कापून-जोडून. नवरी लाजली ते ठेवायचं, सासरा शिंकला ते काढायचं. ती नोकरी नसती तर माझ्याकडे ना कॅमेरा असता, ना संगणक.

आणि या धंद्याचा जळगावच्या उन्हाशी जुना वाद आहे. आवाज रेकॉर्ड करायचा तर कूलर बंद करावा लागतो. माईकला बाकी काही ऐकू येवो न येवो, कूलरची घरघर बरोबर ऐकू येते. पंखाही चालत नाही. खिडकी लावायची, दाराच्या फटीत टॉवेल कोंबायचा, डोक्यावरून गोधडी घ्यायची आणि तिच्या आत बसून 'नमस्कार मित्रांनो' म्हणायचं. तेही भर दुपारी, कारण गल्ली तेवढीच दोन तास झोपते आणि शेखरभाऊ तेव्हाच स्टुडिओला कुलूप लावतात. गोधडीतून बाहेर यायचे तेव्हा कागदावरची शाई पसरलेली असायची. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे सांगितलं की ते हसतात. हसा. तुमच्या खोलीत गारवा भिंतीतून येतो.

तर तो उन्हाळा. एका लग्नाचं चित्रीकरण कापत असताना मला पडद्यावर एक म्हातारा दिसला. जेवणाची पंगत कुणी उठवेना, गोंधळ माजलेला, तेव्हा त्यानं बँडवाल्याच्या हातातून माईक घेतला आणि काहीतरी बोलला. त्याबरोबर दोन-तीनशे माणसं हसत हसत उठून हात धुवायला गेली. मी तो तुकडा चार वेळा मागे नेऊन पाहिला. बँडच्या आवाजात शब्द काही कळेनात.

"हे कोण?" मी शेखरभाऊंना विचारलं.

"उस्मानचाचा. तुझ्या गल्लीमागेच राहतात ना गं. अर्ध्या खान्देशला सिनेमा दाखवला या माणसानं, तोंडानं."

उस्मानचाचा सिनेमाची रिक्षा फिरवायचे. ज्या पोरांचा जन्मच मोबाइल घेऊन झाला त्यांच्यासाठी सांगते: रिक्षाच्या दोन्ही बाजूंना पोस्टर बांधायचं, टपावर भोंगा, मागच्या सीटवर बॅटरी, आणि एक माणूस माईक घेऊन गावोगाव 'आपल्या शहरात, दररोज चार खेळ' असं सांगत जायचा. चाचांच्या मालकाच्या दोन टॉकीज होत्या, एक जळगावात, एक धुळ्यात, आणि हंगामात सावद्याला तंबू लागायचा. तिन्हीकडे आवाज एकाच माणसाचा. तीस वर्षं. आता जळगावच्या टॉकीजच्या जागी मंगल कार्यालय आहे आणि धुळ्याच्या टॉकीजच्या जागी काहीच नाही.

मी त्यांच्याकडे सहा दुपारी गेले. शेखरभाऊंकडचा कॅमेरा, दोन कार्डं, एक माईक. चाचांच्या सूनबाई, नसीमभाभी, तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. मी माईक लावला की त्या न सांगता उठून कूलर बंद करायच्या आणि सब्जाचं सरबत ठेवून आत जायच्या. पत्र्याचं घर. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. चाचा बनियनवर बोलायला तयार नव्हते, कॅमेऱ्यासमोर बसायचं म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचे, वरचं बटण लावायचे आणि सदरा बघता बघता पाठीला चिकटायचा. सत्तरीच्या माणसाला मी त्या भट्टीत दोन-दोन तास बसवलं आणि तो एकदाही 'बस झालं' म्हणाला नाही.

काय काय सांगितलं त्यांनी! शुक्रवारी पहिला खेळ ते पडद्यामागून बघायचे, उलटा. चेहरे उलटे दिसतात म्हणून नटाच्या दिसण्याला भुलायला होत नाही, गोष्ट नीट कळते, असं त्यांचं मत. ज्या सिनेमात पहिल्या अर्ध्या तासात कुत्रा किंवा सासू दिसली तो चालणार, असाही एक सिद्धांत होता. शेवट कधी सांगायचा नाही. शेवट सांगणाऱ्याला वर जागा नाही, म्हणायचे. माईकला रुमाल गुंडाळून धरायचे, कारण उन्हात लोखंड हाताला चटका देतं आणि पावसात झटका.

आणि भाषा. माझ्या मते त्यांची खरी करामत तीच होती. मेहरूणच्या मोहल्ल्यात ते हिंदीत पुकारा करायचे. रिक्षा धुळ्याच्या वाटेला लागली, पारोळा गाठलं, की अहिराणीत शिरायचे, सगळ्यांना जागा आहे म्हणून बोलवायचे: "बठ्ठा या रे भो! बठ्ठास्ले जागा शे! रडानी पिच्चर शे, रुमाल घरथून लई या!" आणि तापीचा पूल ओलांडून सावदा-फैजपूरकडे वळले की आमच्या केळीपट्ट्यातली बोली, अगदी माझी आई बोलते तशी: "बायाहो, सयपाक लवकर करून घ्या. नायकीनवर काय बेतलं ते पाहाले या. मीनं पाह्यलं, मले तं जेवन गेलं नाही!" त्याच सिनेमाची तीन गावांत तीन वर्णनं. सावद्याच्या बाजारात केळीचे घड उतरवणाऱ्या हमालांना मारामारी सांगायची, फैजपुरात बायकांना रडणं सांगायचं. कॅमेऱ्यासमोर त्यांनी तिन्ही पुकारे केले, हातवाऱ्यांसकट. मी हसून हसून वाकले आणि माझंच हसू रेकॉर्ड होऊ नये म्हणून ओढणी तोंडात धरली.

शेवटच्या दुपारी मी विचारलं, "चाचा, सिनेमा वाईट असला तर काय करायचे?"

"पिच्चर कैसी है ये नहीं बोलने का, बेटी. वो तो कोई बी बोलता. किसके वास्ते है ये बोलने का. उसके वास्ते आदमी पहचानना पडता."

माझ्याशी ते हिंदीतच बोलायचे. मी फैजपूरची आहे हे मी त्यांना पाचव्या दिवशी सांगितलं, तेही त्यांनी विचारलं म्हणून. ते डोळे बारीक करून म्हणाले, "तो फिर इतना साफ काय कू बोलती?"

त्यांचा आवाज थोडा बसलेला होता. मधूनमधून खाकरायचे, पाण्याचा घोट घ्यायचे. मला तो आवाज हेडफोनमध्ये इतका आवडला! 'काय खर्ज आहे चाचा तुमचा,' असं मी त्यांना म्हटलं होतं. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तो खर्ज नव्हता. आतमध्ये गाठ वाढत होती आणि मी तिला दाद देत होते.

आता मी त्या आवाजाचं काय केलं ते सांगते. सांगायला जीभ रेटत नाही, पण उगाच सुंदर शब्दांत गुंडाळणार नाही.

अहिराणी गाण्यांवरच्या निबंधात मी आईला दोन मिनिटं बोलू दिलं होतं. तिच्या बोलीत. त्याखाली लोक तुटून पडले. 'गावठी', 'ही कुठली मराठी', 'आधी भाषा सुधारा मग संस्कृतीवर बोला'. कुणीतरी हसण्याचे नुसते चेहरे टाकले, रांगेनं. आईनं विचारलं, "काय लिहिलं माह्याबद्दल?" मी म्हटलं, छान लिहिलंय. त्याच्याही आधी, कॉलेजात पहिल्या वर्षी मी एकदा 'मले' म्हटलं होतं आणि पूर्ण वर्ग वर्षभर मला 'मले' म्हणून हाक मारत होता. तेव्हापासून मी जिभेला रोज कपडे घालून बाहेर आणते. चाचांचं रेकॉर्डिंग घेऊन संगणकापुढे बसले आणि मला वाटलं, हे कुणाला कळणार? हिंदी, अहिराणी, सावद्याची बोली, मध्येच खोकला. लोक पहिल्या मिनिटाला उठून जातील. चाचांना हसतील.

चाचांना हसतील असं मी स्वतःला सांगितलं. मला हसतील हे त्याच्या खाली होतं.

म्हणून मी त्यांचा आवाज बंद केला. चित्र ठेवलं. चाचा बोलतायत, हात फिरवतायत, ओठ हलतायत, आणि वर माझा स्वच्छ, इस्त्रीचा आवाज: 'उस्मानचाचा सांगतात की...' खाली हलकी बासरी. त्यांचे तिन्ही पुकारे मी प्रमाण मराठीत सांगितले, त्यातले रुमाल आणि सयपाक गाळून. आणि ते शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं की मी ते घासूनपुसून माझ्या समारोपात घेतलं: 'सिनेमा कसा आहे हे कुणीही सांगेल. तो कुणासाठी आहे हे सांगायला माणसं ओळखावी लागतात.' इथे मात्र 'उस्मानचाचा सांगतात' हे शब्द आले नाहीत. लयीत बसत नव्हते.

मेमध्ये लग्नांची झुंबड उडाली. कार्डं शेखरभाऊंना परत हवी होती, संगणक तुडुंब भरलेला. "ते म्हाताऱ्याचं कच्चं रेकॉर्डिंग काढून टाक की आता, व्हिडिओ झाला ना तुझा," भाऊ म्हणाले. आमच्या धंद्यात कुणीही हेच म्हणेल. काम झालं की कच्चं पुसायचं, दुसऱ्याची हळद तिथे ठेवायची. भाऊंना मी दोष देत नाही, बटण मी दाबलं. सहा दुपारी गेल्या आणि सावद्याच्या कुठल्याशा लग्नाला जागा झाली.

चाचांना व्हिडिओ दाखवला तेव्हा त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, चष्मा काढून पुसला. "तेरी आवाज बहुत साफ है, बेटी," म्हणाले. मी ती शाबासकी समजून घरी आले. अक्कल वाटली जात होती तेव्हा मी बहुधा गोधडीत होते.

त्या हिवाळ्यात चाचांचं ऑपरेशन झालं. घशातली आवाजाची पेटीच काढावी लागली. गळ्याला पांढरा रुमाल बांधून ते ओट्यावर बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायचे. पुढच्या उन्हाळ्यात नसीमभाभींना मुलगी झाली. मी टोपडं घेऊन गेले, चाचांच्या पाया पडले, दोन मिनिटं बसले आणि निघाले. बोलायचं काय, हा प्रश्न पडला की मी नेहमीच लवकर निघते.

आणि यंदा मार्चमध्ये तो पुण्याचा माणूस. नाव घेणार नाही, त्याला तेवढी प्रसिद्धी आणखी कशाला? मोठा चॅनेल आहे. मागे पुस्तकांचं कपाट, पुस्तकं रंगाप्रमाणे लावलेली. 'खान्देशातल्या धुळीत हरवलेला एक आवाज' असं काहीतरी शीर्षक. आणि निबंध माझा! वाक्यामागून वाक्य, विराम सुद्धा माझे. चाचांची माझ्या व्हिडिओतली चित्रं तशीच उचललेली, कोपऱ्यातलं माझं नाव पुसून. 'तिकडे' असा शब्द त्यानं किती वेळा वापरला असेल! तिकडे ऊन फार. तिकडची माणसं साधी. तिकडे म्हणजे कुठे रे बाबा? आम्ही इथेच राहतो. सावद्याला तो 'सावडा' म्हणाला. आणि शेवटी कॅमेऱ्यात बघून, चष्मा काढून, आवाज खाली आणून म्हणाला, सिनेमा कसा आहे हे कुणीही सांगेल... लोकांनी ते वाक्य त्याच्या फोटोवर छापून इकडे तिकडे पाठवलं. माझ्या आबांनीही मला पाठवलं. 'बघ, असे निबंध करत जा.'

मी त्या माणसाला चिठ्ठी लिहिली. उत्तर आलं: 'तुमच्या कामातून प्रेरणा मिळाली ताई, असेच करत राहा.' आयत्या बिळावर नागोबा, आणि वर फणा काढून आशीर्वाद! चोरी सापडली की यांना लगेच ताई आठवते. मी तक्रार करायला बसले तर तिथे विचारलं होतं की मूळ चित्रीकरण तुमचंच आहे याला पुरावा काय? आधी टाकला एवढं पुरत नाही, कच्चं चित्रीकरण जोडा. मी पुसलेलं. हातात धुपाटणं सुद्धा नाही.

तीन आठवडे जळून झाल्यावर सुचलं की मी चाचांचं चित्रीकरण करत असताना त्यांच्या घरात कुणीतरी मोबाइलवर थोडंफार टिपलं असेल. नवी नवरी होती घरात, त्या वयात सगळेच टिपतात. तेवढं मिळालं तरी पुरे. म्हणून मी परवा, तो जाळीवाला गेला त्याच दुपारी, त्यांच्याकडे गेले. मनात हेही होतं की चाचा माझ्यासोबत चिडतील. दोघांची चोरी झाली होती ना. एकट्यानं चिडून कंटाळा आला होता.

चाचा खाटेवर बसले होते. हातात पाटी-पेन्सिल. भाभींच्या मांडीवर मुलगी, वर्षाची होत आलेली, दोन दात आलेली. मी मोबाइलवर आधी त्या माणसाचा व्हिडिओ दाखवला, मग माझा. मध्ये मध्ये थांबवून दाखवत होते, हे बघा, हे वाक्य माझं, हे बघा, हे पण माझं. माझा आवाज चढला होता.

ते शेवटचं वाक्य आलं. तो चष्मेवाला म्हणाला, मग माझ्या व्हिडिओत मी म्हणाले. दोन्ही वेळा चाचांनी बोट उचललं आणि स्वतःच्या छातीवर ठेवलं. पहिल्यांदा मला वाटलं खाज सुटली असेल. दुसऱ्यांदा मी मोबाइल बंद केला.

त्यांनी पाटी घेतली. सावकाश लिहिलं आणि माझ्याकडे वळवली. हिंदीत लिहिलं नव्हतं. माझ्या घरच्या बोलीत लिहिलं होतं, ज्याच्या-त्याच्या गावाच्या भाषेत पुकारा करण्याची सवय त्या माणसाची गेलेली नव्हती.

'दोन्हीमधी मी कुठी हाये?'

"तुम्ही दिसता ना चाचा," मी म्हटलं. "पूर्ण व्हिडिओभर तुम्हीच दिसता."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. गळ्यावरच्या रुमालाला हात लावला.

तेवढ्यात नसीमभाभी म्हणाल्या, आणि त्या अगदी आनंदानं म्हणाल्या, "हां दीदी, मैं बी कब से बोलनेवाली थी. वो इनका असलीवाला आवाज कब दोगी? उस टायम हम लोग मोबाइल इसके अब्बा की दुकान में रख के आते थे, तुम्हारा रेकॉर्डिंग खराब नको हो करके. हमारे पास कुछ बी नहीं. इसने तो दादा का आवाज सुनाच नहीं. मैं रोज बोलती इसको, दीदी के पास है. छह दिन का है. बडी हो गई तो सुनेगी."

मुलगी माझ्या बोटाला धरून खेळत होती. डिस्क खराब झाली, असं सांगायचं अगदी जिभेवर आलं होतं. संगणक चोरीला गेला, पाणी सांडलं, शेखरभाऊंनी पुसलं. चार कारणं तयार होती, चारही खपली असती. या घरात माझ्यावर अविश्वास ठेवण्याची कुणाला सवय नव्हती.

"नाही भाभी," मी म्हटलं. "मीनं पुसला. जागा नव्हती म्हून पुसला. चाचाचा आवाज माह्याजोळ नाही."

कॉलेजातल्या त्या 'मले'नंतर पहिल्यांदा मी घराबाहेर तशी बोलले असेन. ठरवून नाही. इस्त्रीच्या भाषेत ते वाक्य खोटं वाटलं असतं.

भाभींना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचा पाटीकडे बघत होते, जणू पुढचं काही त्यावर उमटणार आहे. मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या, पण आवाज नसलेला माणूस शिवी तरी कशी देणार? तीन आठवडे मी त्या पुण्याच्या माणसाला चोर म्हणत होते. त्यानं जे नेलं ते निदान अजून कुठेतरी आहे. मी जे नेलं ते कुठेच नाही.

"फिर इसको क्या बोलूं मैं?" भाभींनी विचारलं. रागानं नाही, खरोखर विचारलं. "बडी होके पूछेगी तो?"

"सांगजा, फैजपूरच्या वैशालीनं पुसला," मी म्हटलं. "माह्यं नाव घेऊन सांगजा, भाभी."